खुणेचा बोया: छोट्या होडीसाठी बांधणी, दोराचा हिशेब आणि उचलणी

बोया जागेवर दिसला नाही की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कोणीतरी नेला." कधीकधी खरंच कोणी नेलेला असतो. पण बहुतेक वेळा दोर आखूड पडलेला असतो, वजन घसरलेलं असतं, नाहीतर गाठ सुटलेली असते. तरंगणारी वस्तू काय, कुठलीही चालते. कसोटी लागते ती पाण्याखालच्या भागाची. म्हणून या लेखात डब्यापेक्षा दोराबद्दल आणि दगडाबद्दल जास्त लिहिलं आहे.

इथली मापं पालघर ते सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, ३ ते २० मीटर खोलीत, ५ ते ८ मीटर लांबीच्या उघड्या होडीवरून काम करणाऱ्यांसाठी आहेत. धरणासाठी शेवटी वेगळा भाग आहे, कारण तिथला बोया वेगळ्याच पद्धतीचा असतो.

१. आधी काम ठरवा

एकच बोया सगळ्या कामांना वापरायला गेलात तर तो कुठल्याच कामाला धड येणार नाही. छोट्या होडीवर साधारण चार कामं पडतात.

जागेची खूण: पाण्याखालचा खडक किंवा गळाला मासा लागलेली जागा. दोन-चार तासांचं काम, त्यामुळे हलका बोया पुरतो.

जाळ्याच्या टोकांची खूण: इथे उंच झेंडा लागतो, आणि रात्री जाळं पाण्यात राहणार असेल तर दिवाही.

पिंजऱ्याची खूण: खाडीत चिंबोरीचे (सिंधुदुर्गात कुर्लीचे) पिंजरे टाकता, तेव्हा पिंजरा स्वतःच वजनाचं काम करतो. बोया लहान चालतो, दोर मात्र पक्का हवा.

नांगराची खूण: खडकाळ तळावर नांगर अडकला तर तो उलट्या बाजूने ओढून काढता यावा म्हणून.

२. सामान आणि कागद

एका बोयासाठी:

- तरंगता भाग: २ ते ५ लिटरचा जाड प्लास्टिकचा डबा, किंवा बाजारातला फोमचा अथवा हवा भरायचा पीव्हीसी बोया
- ८ मिमी दोर, लांबी खाली दिलेल्या हिशेबाने
- वजन: काँक्रीटचा ठोकळा, किंवा दीड-दोन किलोचा चार नखांचा छोटा नांगर आणि त्याला १ मीटर साखळी
- एक स्विव्हल (दोराला पीळ न बसू देणारी फिरती कडी), एक-दोन शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी), शॅकलची पिन बांधायला थोडी तार
- दोर घासतो तिथे घालायला बागेच्या जुन्या पाइपाचे हातभर तुकडे
- ५० मिमी रुंदीची चमकणारी रिफ्लेक्टर टेप
- लायटर, टेफ्लॉन टेप, एम-सील

होडीत कायम हवं ते: धारदार सुरी (हाताला लागेल अशी, पेटीच्या तळाशी नव्हे), टोकाला आकडा लावलेला २ मीटरचा बांबू, खोली मोजायची शिशाची दोरी आणि लाइफ जॅकेट.

कागदांमध्ये होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना आणि होडीवरच्या प्रत्येकाचं ओळखपत्र. दिवसभरासाठी टाकून संध्याकाळी उचलायच्या बोयाला सहसा वेगळा कागद लागत नाही. बंदराच्या हद्दीत कायमचा बोया ठेवायचा असेल तर महाराष्ट्रात सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात आधी विचारा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तिथे काहीही तळाला टाकण्याआधी वन खात्याचे नियम समजून घ्या.

३. तरंगता भाग

खाद्यतेलाचा ५ लिटरचा डबा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. तो साबणाने दोनदा धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, झाकणाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बंद करा आणि वरून एम-सील लावा. कीटकनाशकाचे किंवा रसायनांचे डबे घेऊ नका. कितीही धुतले तरी आत उरतंच.

डबा दुपारी कडक उन्हात बंद केलात तर आतली गरम हवा पाण्यात थंड होऊन आकसते, डबा पिचकतो आणि झाकणातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून सकाळी थंड हवेत बंद करा. खर्च परवडत असेल तर आत दोन भागांचा पीयू फोम भरा, पण एकदम नको. थोडा ओतून फुगू द्यायचा, मग पुढचा. सगळा एकदम ओतला तर डबा फुगून चिरतो.

पाण्याच्या पातळ बाटल्या समुद्रात वापरू नका. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब असा असतो की बंद बाटलीतल्या हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. म्हणजे दोर आखूड पडून बाटली खाली ओढली गेली की ती चेपते, उचल कमी होते आणि ओहोटीलाही ती नीट वर येत नाही. नुसत्या थर्माकोलचंही तेच: लाटांनी कण सुटतात, ते किनाऱ्यावर साचतात आणि बोया हंगामाच्या मध्यातच अर्धा होतो. थर्माकोलच वापरायचा असेल तर त्यावर पोत्याचं घट्ट शिवलेलं कव्हर घाला.

दोर डब्याच्या मुठीला एकट्याने बांधू नका. मूठ हा डब्याचा सगळ्यात कमजोर भाग, दोन महिने ऊन खाल्लं की तडकते. जाळ्याच्या तुकड्याची पिशवी करा, डबा तिच्यात घाला आणि दोर पिशवीच्या गळ्याला बांधा. मूठ तुटली तरी डबा जात नाही.

४. वजन: हवेतलं नव्हे, पाण्यातलं मोजा

दगड किनाऱ्यावर उचलून पाहायचा आणि "पुष्कळ जड आहे" म्हणायचं, यात नवख्यांची फसगत होते. पाण्यात प्रत्येक वस्तू हलकी होते, पण सारख्या प्रमाणात नाही. समुद्राच्या पाण्यात काँक्रीट सुमारे ४३ टक्के वजन गमावतं, काळा कातळ साधारण एक तृतीयांश, वाळूचं पोतं जवळजवळ निम्मं. लोखंड मात्र आठवा हिस्साच गमावतं आणि शिसं त्याहून कमी. १० किलोचा काँक्रीटचा ठोकळा तळाशी पावणेसहा किलोचाच असतो.

आता डबा. १ लिटर आकाराची पोकळ वस्तू पूर्ण बुडवली की सुमारे १ किलोची उचल देते. ५ लिटरचा डबा प्रवाहाने पाण्याखाली खेचला गेला तर जवळजवळ ५ किलोने वर ओढतो. तळाशी पाण्यातलं वजन ३ किलो असेल तर डबा ते उचलून चालायला लागतो.

म्हणून नियम असा: वजन पाण्यात, बोयाच्या पूर्ण उचलीच्या दीडपट ते दुप्पट हवं.

- २ लिटरच्या बोयाला पाण्यात ३ ते ४ किलो, म्हणजे ६ ते ७ किलोचा काँक्रीटचा ठोकळा
- ५ लिटरच्या बोयाला पाण्यात साडेसात ते १० किलो, म्हणजे १३ ते १७ किलोचा ठोकळा

"लांबून दिसायला हवा" म्हणून २ लिटरच्या जागी ५ लिटरचा डबा लावायचा आणि दगड तोच ठेवायचा, ही चूक सर्रास होते. दिसण्यासाठी डबा मोठा करू नका, झेंडा उंच करा.

ठोकळा घरी ओतता येतो. रंगाच्या जुन्या बादलीत ४ लिटर काँक्रीट बसलं की साडेनऊ किलोच्या आसपास ठोकळा होतो. सिमेंट एक भाग, वाळू दोन, बारीक खडी चार. मध्ये १० किंवा १२ मिमी सळईचा उलटा यू बसवा. त्याचे पाय आत बाहेरच्या बाजूला वाकवलेले हवेत, नाहीतर कधीतरी नुसती कडी हातात येते. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढा आणि सात दिवस पाण्यात ठेवा. जांभ्याचा चिरा फुकट मिळतो, पण दोर बांधलेली कड झिजून चुरते आणि दोर सुटतो. फार तर एका दिवसापुरता वापरा.

तळ कसा आहे त्यावरही ठरतं. चिखलात ठोकळा रुततो आणि छान धरतो. कडक वाळूवर तो घसरतो. तिथे साखळी लावलेला छोटा नांगर कमी वजनात जास्त धरतो. खडकावर नांगर अडकतो, तेव्हा तिथे पुन्हा ठोकळाच बरा.

५. दोर: सगळा हिशेब इथेच

कुठला दोर? पॉलीप्रॉपिलीनचा दोर स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, पण तो तरंगतो. ओहोटीला सैल पडलेला दोर पृष्ठभागावर पसरतो आणि कोणाच्या तरी होडीच्या मशीनच्या पंख्यात जातो, बरेचदा आपल्याच. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोर बुडतो. महाग आहे, पण शक्य असेल तर तोच घ्या. तरंगणाराच दोर असेल तर बोयापासून दोन-अडीच मीटर खाली दोराला २०० ग्रॅम शिसं बांधा. सैल भाग खाली लोंबतो, पंख्याच्या वाटेत येत नाही, आणि वर तरंगणाऱ्या वेटोळ्यात कासव अडकण्याचा धोकाही घटतो.

जाडी ८ मिमी. ताकदीला ६ मिमीसुद्धा पुरतो, पण ओला बारीक दोर हाताने ओढताना तळवे कापतो. खाडीतल्या लहान पिंजऱ्यांना ५-६ मिमी चालेल.

आता लांबी. खोली मोजली, वर थोडा दोर सोडला, झालं: असं करणाऱ्याचा बोया पुढच्या भरतीला बुडतो. दोर भरतीच्या खोलीवर मोजायचा असतो, तुम्ही पोचलात त्या वेळच्या खोलीवर नाही.

भरती-ओहोटीतला फरक जागेप्रमाणे बदलतो. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला तो ४ मीटरच्या वर जातो; मालवण-पणजीकडे २ मीटरच्या आसपास असतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं, अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा फरक कमी. नेमके आकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यात मिळतात. तक्ता हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहेच: तिथीला पाऊण पटीने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडे बराच जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते.

ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. अलिबागजवळ, ओहोटीनंतर दोन तासांनी तुम्ही शिशाच्या दोरीने ८ मीटर मोजलंत. त्या दिवशीचा फरक ४ मीटर. दोन तासांत तीन भाग, म्हणजे १ मीटर पाणी चढलेलं आहे. अजून ३ मीटर चढायचं आहे. भरतीची खोली ११ मीटर. दोर त्याच्या दीडपट, साडेसोळा मीटर. दोन्ही टोकांच्या गाठींना मिळून ८०-९० सेंटिमीटर जातात, म्हणून साडेसतरा मीटर कापा. जोराचा प्रवाह असेल, खाडीच्या तोंडाशी असतो तसा, तर दीडपटीच्या जागी दुप्पट धरा. याच ठिकाणी ८ मीटर खोलीला ९ मीटर दोर लावणाऱ्याचा बोया भरतीला २ मीटर पाण्याखाली असतो.

खोली वावात मोजायची सवय असेल तर उत्तम, फक्त स्वतःची वाव एकदा टेपने मोजून ठेवा. सहा फूट धरतात, पण हात प्रत्येकाचे वेगळे. दहा वावांत फुटा-दोन फुटांचा फरक सहज पडतो.

लांब दोराची किंमतही माहीत असू द्या. वरच्या उदाहरणात पूर्ण ओहोटीला खोली ७ मीटर उरते आणि साडेसोळा मीटर दोर ताणून बोया दगडापासून जवळजवळ १५ मीटर दूर जाऊ शकतो. म्हणजे बोया दिसतो तिथेच खडक आहे असं समजून नाळ (होडीचं पुढचं टोक) त्या बाजूला वळवू नका. खडक नेहमी प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतो. मोबाइलवर किंवा जीपीएसवर वजन सोडलं त्या क्षणीची जागा टिपा, बोयाची नव्हे.

नेमकी जागा दाखवायचीच असेल तर आणखी एक युक्ती आहे. बोयाखाली गुळगुळीत कडी लावा, दोर तिच्यातून ओवा आणि मोकळ्या टोकाला १ किलोचं शिसं लटकवा. पाणी उतरलं की शिसं खाली जाऊन सैल दोर ओढून घेतं, चढलं की वर येतं. या रचनेत बोयावर २ किलोचा भार पडतो, तेव्हा ५ लिटरचा डबा घ्या आणि तळाचं वजनही त्याच मापाचं ठेवा. ओहोटीला लटकतं शिसं तळाला टेकणार नाही इतपतच मोकळा दोर सोडा. संथ पाण्यात हे छान चालतं. प्रवाहात दोन्ही दोर एकमेकांना पीळ घालतात, तिथे नादी लागू नका.

६. गाठी आणि जोड

सुरगाठ कुठेही नको. लाटेच्या हिसक्यांनी ती हळूहळू सरकते. बोयाकडे न सरकणारा फास घाला: दोरात एक लहान वेढा करायचा, टोक खालून वर त्या वेढ्यात घ्यायचं, उभ्या दोरामागून फिरवायचं आणि त्याच वेढ्यातून परत खाली आणायचं. घट्ट ओढली तरी ही गाठ नंतर सोडवता येते. शेपूट १५ सेंटिमीटर ठेवा आणि सुतळीने मुख्य दोराला बांधून टाका. पॉलीप्रॉपिलीन गुळगुळीत असतो, त्यात गाठ जास्त सुटते, म्हणून शेपटाची आणखी एक अढी (दोराभोवती साधी अर्धी गाठ) घाला. कापलेली टोकं लायटरने वितळवा.

वजनाकडे कडीभोवती दोन पूर्ण वेढे घेऊन मग दोन अढ्या मारा. एकाच वेढ्यावर बांधलेला दोर कडीवर एकाच जागी घासत राहतो. त्या भागावर पाइपचा तुकडा आधीच ओवून ठेवायला विसरू नका. गाठ मारल्यावर तो जात नाही.

स्विव्हल बोयापासून हातभर खाली. बोया गोल गोल फिरतो, दोराला पीळ बसतो आणि शेवटी त्याची गुंतवळ होते. स्विव्हल स्टीलचा आणि शॅकल जस्ताचा मुलामा दिलेला, अशी जोडी टाळा; खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की मुलामा लवकर खाल्ला जातो. शॅकलची पिन तारेने बांधा, नाहीतर ती आपोआप उलगडते.

छोटा नांगर वापरत असाल तर दोर त्याच्या वरच्या कडीला नव्हे, खाली नखं जुळतात तिथे बांधा, आणि वरच्या कडीपाशी बारीक सुतळीने अडकवून ठेवा. नांगर खडकात फसला की जोराने ओढायचं. सुतळी तुटते आणि नांगर उलट्या अंगाने सुटून येतो.

७. झेंडा आणि दिवा

मीटरभर उंचीच्या लाटांत २५ सेंटिमीटरचा बोया दीडशे मीटरवरून निम्मा वेळ दिसतच नाही. म्हणून जाळ्याच्या टोकाला झेंड्याची काठी.

३ मीटर लांबीचा बारीक, शक्यतो भरीव बांबू घ्या. १ मीटर पाण्याखाली, २ मीटर वर. पाण्याच्या रेषेवर फोमचे तुकडे दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा आणि खालच्या टोकाला दोन-अडीच किलो लोखंड. काठी आडवी पडत असेल तर फोम वाढवू नका, खालचं वजन वाढवा किंवा झेंडा लहान करा. पोकळ बांबूच्या पेरात पाणी शिरून तो जड होतो, म्हणून कापलेली टोकं बंद करा.

जाळ्याचा दोर काठीला थेट बांधलात तर ताण बसून काठी लवते. टोकाला आधी साधा बोया लावा आणि काठी त्याला २-३ मीटर दोराने जोडा. ताण बोया घेतो, काठी उभी राहते.

झेंडे दोन, एकावर एक, साधारण ४० सेंटिमीटरचे: वर काळा, खाली भगवा किंवा पोपटी. सूर्य समोर असला की कुठलाही रंग काळाच दिसतो, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळाच उठून दिसतो. किनाऱ्याच्या झाडीसमोर मात्र भडक रंग कामाला येतो. पांढरा बोया फेसात हरवतो, निळा-हिरवा पाण्यात. लाल दिवसा बरा, पण संध्याकाळी सगळ्यांत आधी काळवंडतो.

रात्री हळू उघडझाप करणारा पांढरा किंवा पिवळा बॅटरीचा दिवा, पाण्यापासून दीड मीटर वर. लाल किंवा हिरवा दिवा लावू नका, तो दुसऱ्या होडीचा बाजूदिवा किंवा बंदराची खूण वाटू शकतो. दिव्याच्या रबरी वायसरला थोडं ग्रीस लावा. बिघाड सुरू होतो तो तिथूनच. एलईडी मासेमारीवर बंदी आहे ती जनरेटरवरचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर. जाळ्याच्या खुणेचा लुकलुकणारा दिवा ही वेगळी गोष्ट आहे, पण होडीत मोठे दिवे ठेवून "हे बोयाचे" असं सांगायला जाऊ नका.

८. रंग, नाव आणि सरकारी बोये

भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवायचा असतो. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ तिकडचे असतात, ते पाहून पाठ केलेला नियम इथे होडी खडकावर नेईल. काळ्या बोयावर लाल पट्टा आणि डोक्यावर दोन काळे गोळे म्हणजे तिथेच धोका आहे, भोवती पाणी मोकळं. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे बोये कुठल्या दिशेने जायचं ते सांगतात.

आपला बोया यांच्यासारखा दिसता कामा नये. पूर्ण लाल, पूर्ण हिरवा किंवा लाल-काळा रंग टाळा, नारिंगी ठेवा. सरकारी बोयाला होडी किंवा जाळं कधीही बांधू नका. तो जागचा हलला तर मागून येणारी दुसरी होडी चुकीच्या वाटेने जाते, आणि २०२१ च्या सागरी दिशादर्शक साधनांच्या कायद्याखाली तो गुन्हाही ठरतो.

बोयावर होडीचा नोंदणी क्रमांक आणि आपला मोबाइल नंबर घाला. मार्कर पेनची शाई उन्हात काही आठवड्यांत उडते आणि या प्लास्टिकवर ऑइलपेंट धरत नाही, सालपटं निघतात. सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने अक्षरं हलकेच कोरा, डब्याला भोक पडणार नाही इतपत. त्यावर रिफ्लेक्टर टेपचे दोन आडवे पट्टे. टेप लावण्याआधी प्लास्टिक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसा.

९. पाण्यात टाकणं

दोर होडीत मोकळ्या बादलीत वेटोळून ठेवा, बोयाकडचं टोक वर. पाय वेटोळ्यापासून लांब. सुटलेल्या दगडाबरोबर दोर घोट्याला आवळला की माणूस पाण्यात जातो. लाइफ जॅकेट आणि हाताशी सुरी त्यासाठीच.

१. जागेच्या थोडं पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जा आणि मशीन न्यूट्रलला घ्या.
२. आधी बोया पाण्यात सोडा. तो वाहत लांब जाईल आणि दोर आपोआप उलगडेल.
३. दोर संपत आला की वजन हाताने धरून उतरवा, फेकू नका. फेकलेला नांगर आपल्याच दोराला गुंडाळतो.
४. वजन टेकलं की जीपीएसवर जागा टिपा.
५. दहा मिनिटं थांबा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोया सरकतोय का पाहा. देवळाचा कळस आणि मागचा माड, असं काहीही चालतं. सरकत असेल तर वजन अपुरं आहे. दोर वाढवून पाहा, नाहीतर उचला.

बोटी ये-जा करतात त्या वाटेत, जेट्टीच्या तोंडाशी किंवा बुडी मारणाऱ्या पर्यटकांच्या जागी बोया टाकू नका. दुसऱ्याच्या जाळ्यावर दोर जाणार नाही एवढं अंतर ठेवा.

१०. उचलणं

पंख्यात दोर जाण्याचे प्रकार बोया टाकताना कमी होतात, उचलताना जास्त.

वारा आणि प्रवाह यांत जोर कोणाचा आहे ते आधी पाहा. बोया कुठल्या बाजूला कलतोय त्यावरून कळतं. खालच्या अंगाने या, म्हणजे नाळ प्रवाहाकडे. बोयाच्या वरच्या अंगाला दोर ताणलेला असतो, तिकडून आलात तर होडी त्यावरच वाहत जाते. बोया नाळेच्या बाजूला हातभर अंतरावर आला की मशीन न्यूट्रल करा, आकड्याने बोया नव्हे तर त्याखालचा दोर पकडा आणि पुढूनच आत घ्या. दोर होडीत येईपर्यंत गिअर टाकायचा नाही.

सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून. त्यामुळे सकाळी ज्या बाजूने बोया टाकलात त्याच बाजूने दुपारी जाऊ नका. कल पुन्हा पाहा.

वजन अडकलं तर दोर होडीच्या पिछाडीला बांधून मशीनने ओढू नका. पिछाडी खाली दबते, लाट आत येते आणि लहान होडी भरते. दोर नाळेला एक वेढा देऊन हाताने धरा, होडी अडकलेल्या जागेच्या वर आणा आणि वेगवेगळ्या दिशांनी ओढून पाहा. नाही सुटलं तर जमेल तेवढा दोर आत घेऊन कापा. काँक्रीटच्या ठोकळ्यासाठी होडी घालवण्यात काही शहाणपण नाही.

११. नांगराचा बोया

खडपाळ जागी नांगर टाकण्याआधी नखं जुळतात त्या टोकाला ८ मिमी दोर बांधा आणि वर छोटा बोया लावा. इथे दीडपट नको: भरतीची खोली अधिक १ ते २ मीटर पुरे. दोर जास्त सैल सोडला तर होडी फिरताना तो आपल्याच पंख्याखाली येतो. बोयावर ठळक "नांगर" लिहा. न लिहिलेल्या बोयाला कोणीतरी होडी बांधायला येतं आणि त्या भानगडीत तुमचा नांगर उचकटतो.

१२. धरणात: फेकायचा बोया

उजनी, कोयना, जायकवाडी अशा जलाशयांत भरती-ओहोटी नाही, पण पावसाळ्यानंतर मे महिन्यापर्यंत पातळी कित्येक मीटर उतरते. उजनीच्या पोटात जुन्या गावांच्या भिंती आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. ऑक्टोबरात सुरक्षित असलेली वाट एप्रिलमध्ये तशी राहत नाही, तेव्हा जुन्या खुणांवर विसंबू नका. जलसंपदा विभागाची परवानगी आणि तिथल्या मच्छीमार संस्थेचा किंवा ठेकेदाराचा होकार आधी घ्या.

गळाने कटला-रोहू धरणाऱ्यांना बुडालेल्या नदीपात्राची कड झटकन दाखवणारा बोया लागतो. जाड फोमचा २० बाय १० सेंटिमीटरचा चपटा तुकडा घ्या, मध्ये दोन्ही बाजूंनी खाचा करा आणि त्यात २ मिमी नायलॉनची १५-२० मीटर दोरी गुंडाळा. टोकाला २०० ग्रॅम शिसं. पाण्यात टाकला की शिसं खाली जाताना फोम गरागरा फिरून दोरी सोडतो. शिसं टेकलं की ओढ संपते आणि चपट्या आकारामुळे फोम फिरायचा थांबतो. गोल बाटलीला गुंडाळलेली दोरी लाटांवर उलगडतच राहते, म्हणून आकार चपटाच हवा. दोरीचं आतलं टोक खाचेत बांधलेलं आहे ना, ते पहिल्या फेकीआधी पाहा.

कडेच्या रेषेवर असे तीन-चार टाकले की पाण्याखालचं वळण डोळ्यांसमोर येतं. मासा दिसला त्याच जागी टाकू नका. शिसं डोक्यावर पडलं की थवा पांगतो. तीन-चार मीटर बाजूला टाका आणि गळ बोयाच्या पलीकडून न आणता मोकळ्या बाजूने फेका. मोठा मासा लागला तर तो बोयाच्या दोरीभोवती फेरा मारतो, म्हणून शक्य असेल तर सोबत्याला आधी जवळचा बोया उचलायला सांगा.

१३. निगा

प्रत्येक फेरीनंतर दोर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. ऊन दोराला मिठापेक्षा जास्त खातं; हाताला पांढरी भुकटी लागायला लागली की तो दोर बाद. पाण्यात आठवडे राहिलेल्या बोयावर शेवाळ आणि बार्नेकल बसतात. त्यांचं वजन वाढतं आणि धारदार कवचं दोर कापतात, म्हणून लाकडी पट्टीने खरवडा, सुरीने नको.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात गाठी सोडून ठेवा. वजनाकडचा हातभर दोर कापून टाका, कारण झीज तिथेच असते, आणि दोर उलटा करून बांधा: बोयाकडचं टोक आता वजनाला. डबा बादलीत दाबून बुडबुडे येतात का बघा. आलेच तर एम-सीलचा नवा थर देत बसू नका, डबाच बदला.